खांद्याला दोन बोटं

माझ्या सुनेची माझ्याबद्दल एकच तक्रार आहे आणि ती खरी आहे. ती ओट्याशी पाठमोरी उभी असते, मी मागून जाते, तिच्या खांद्याला दोन बोटं लावते आणि बाजूने तिच्या तोंडासमोर वाकून विचारते, "मीठ घातलंस का गं?" दर वेळी ती दचकते. एकदा तर हातातली पळी कढीत पडली. "मम्मी, तिथूनच विचारा ना, मला ऐकू येतं," असं ती तिच्या सुरती हेलात म्हणते. तिला ऐकू येतं हे मलाही माहीत आहे, पण बोटांना कोण सांगणार? आमच्या घरात ज्याच्याशी बोलायचं त्याला आधी हात लावायचा, मग त्याच्या समोर यायचं आणि मगच तोंड उघडायचं, हे मी चालायला शिकले त्याच सुमारास शिकले. आता या वयात सुरतेतल्या कोसाडच्या वसाहतीतल्या मुलांची मी रविवारी नाटकं बसवते. ती कार्टी माझी नक्कल करतात तीही नेमकी हीच. एकाने खांद्याला बोटं लावायची, दुसऱ्याने दचकायचं आणि बाकीच्यांनी लोळून हसायचं. मीही हसते. त्यांना ठाऊक नाही की याच दोन बोटांमुळे मी नाटकात आले.

आम्ही खानदेशातून सुरतेला आलो ते आबांच्या मागे. आबा म्हणजे माझे वडील. ते लिंबायतकडे एका खात्यात माग चालवत. मागांच्या कारखान्याला तिथे खातं म्हणतात. आमची खोली खात्याच्या मागच्या भिंतीला लागून होती, त्यामुळे माग घरात नसूनही घरातच होते. फळीवरची भांडी दिवसभर बारीक थरथरत, हंड्यातल्या पाण्यावर सतत वळ्या उठत आणि माय भाकरी थापताना नकळत त्या खटखटीच्या तालावर थापायची. आठवड्यातून एक दिवस वीज बंद असे, त्या दिवशी सगळी गल्ली एकदम गप्प होई. मग गंमत व्हायची. बायका सवयीने ओरडूनच बोलत आणि कोणाच्या घरात कशावरून भांडण चाललंय ते चार घरांना कळे. तान्ही मुलं मात्र त्या शांततेने दचकून रडायला लागत.

आबांचे कान मागांनी कधी घेतले ते कोणालाच नक्की सांगता आलं नाही. ते हळूहळू गेले असावेत आणि घराने हळूहळू स्वतःला वळवून घेतलं असावं. खात्यात तसंही कोणी आवाजाने बोलत नसे, तिथे आवाजाचा उपयोगच नव्हता. दोन रांगा पलीकडचा माणूस नुसते ओठ हलवी, भुवया उडवी, हाताने दोन खुणा करी आणि इकडच्याला गावाकडची सगळी बातमी कळे. तीच बोली घरी आली. आबांना भूक लागली का, हे विचारायला माय त्यांच्या समोर येऊन बसायची. संध्याकाळी वीज गेली तर बोलताना ती कंदील उचलून स्वतःच्या तोंडाजवळ धरायची. मला वाटे, सगळ्यांच्याच घरी असं असतं. आमच्या गल्लीत बहुतेकांच्या घरी होतंही.

बाहेरच्या जगात मात्र आबा माणसं टाळत. लग्नाकार्यात ते मांडवाच्या कडेला उभे राहत आणि लोक हसले की क्षणभर उशिराने हसत. ते उशिरा आलेलं हसू मला लहानपणीही बघवत नसे. पुढे पुढे त्यांनी कार्यांना जाणंच सोडलं. खातं आणि घर, एवढंच त्यांचं जग उरलं.

आमची शाळा मराठी माध्यमाची होती, पण सुरतेच्या रिवाजाप्रमाणे आम्ही शिक्षिकांना बेन म्हणत असू. मी वरच्या वर्गात गेले तेव्हा कुमुदबेन आल्या. त्या बडोद्याच्या. "मला बाई म्हणा रे, मराठी शाळा आहे आपली," असं त्या पहिल्या दिवशी म्हणाल्या, आणि आम्ही एका सुरात म्हणालो, "हो बेन." त्यांनी पुन्हा तो विषय काढला नाही. उंच, सडसडीत, कडक इस्त्रीची सुती साडी, आणि मराठी असं की प्रत्येक शब्द धुऊन वाळवून बाहेर काढल्यासारखा. आमच्या वर्गात खानदेशची अहिराणी, बुलढाण्याकडची वऱ्हाडी, मराठवाड्याची बोली आणि त्यावर गुजरातीची फोडणी, अशी खिचडी होती. बेननी कोणालाही हसू दिलं नाही आणि स्वतःही हसल्या नाहीत. फक्त एवढंच म्हणाल्या, "या वर्षी आपण मराठी शाळांच्या नाट्यस्पर्धेत उतरणार आहोत." नाटक म्हणजे काय ते आम्हा निम्म्या मुलांना ठाऊक नव्हतं, पण तासाला सुट्टी मिळणार एवढं कळलं आणि सगळ्यांनी हात वर केले.

नाटक बेननी स्वतःच लिहिलं होतं. नाव 'कोंबडीची फिर्याद'. एका म्हातारीच्या शेजारी बँडवाला राहायला येतो, त्याच्या ढोलताशांनी तिची कोंबडी अंडी द्यायची थांबते आणि म्हातारी कोंबडी काखेत मारून थेट कोर्टात जाते, एवढीच गोष्ट. म्हातारी मी. न्यायाधीश झाला शंकर, आमच्याच गल्लीतला, बुलढाण्याकडच्या बांधकामवाल्याचा मुलगा. त्याला गंभीर चेहरा करता येत नसे म्हणूनच बेननी त्याला ते काम दिलं होतं. बँडवाला झाली माझी मैत्रीण विमल, कारण तिच्याइतके गाल कोणालाच फुगवता येत नव्हते. कोंबडी आम्ही खात्यातल्या चिंध्यांची आणि तुटक्या सुताची केली. तुरा लाल साडीच्या काठाचा. ती इतकी झकास झाली होती की शिपाईमामाने तिला एकदा खरोखर हाकललं.

पहिल्या तालमीला मी कोर्टात शिरले. न्यायाधीश उंच दिसावेत म्हणून बेननी शंकरला टेबलावर स्टूल ठेवून बसवलं होतं. मला पहिलं वाक्य म्हणायचं होतं, "साहेब, माझ्यावर अन्याय झालाय." मी सरळ टेबलावर चढले, न्यायाधीशांच्या खांद्याला दोन बोटं लावली, वळून त्यांच्या तोंडासमोर आले आणि म्हणाले, "साहेब, माझ्यावर अन्याय झालाय." बेनना वाटलं, मी आगाऊपणा करतेय. मग विमल आली, तिनेही आधी मला हात लावला. शिपाई झालेल्या मुलाने विमलला लावला. शंकरने तर निकाल देण्याआधी खाली उतरून एकेकाला बोट लावून घेतलं. बेन खुर्चीत बसल्या आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. "अरे, न्यायाधीश आहेस तू! पकडापकडी खेळतोयस का?" शंकर म्हणाला, "बेन, हात नाही लावला तर तिले कसं कळंन का मी बोलून राह्यलो?" आम्हाला त्याचं म्हणणं अगदी बरोबर वाटलं.

त्या दिवसापासून बेननी दोन नियम केले. एक, बोलण्याआधी हात लावायचा नाही. दुसरा, ओठ दिसावेत म्हणून प्रेक्षकांकडे तोंड वळवून बोलायचं नाही, ज्याच्याशी बोलायचं त्याच्याकडेच बघायचं. "नाटकात माणूस माणसाशी बोलतो. प्रेक्षक तुमचं बोलणं चोरून बघतायत, असं समजा." न्यायाधीशांचं टेबल त्यांनी एका बाजूला लावलं, म्हणजे माझी एकच बाजू लोकांना दिसणार. आमच्या बोटांना ते शिकवायला फार दिवस गेले. मी हात मागे बांधून तालीम केली, विमलने खिशात घातले. मला आता कळतं, बेन आम्हाला नाटकच शिकवत होत्या आणि ते बरोबरच शिकवत होत्या. आजही मी मुलांना हेच सांगते.

एका संध्याकाळी बेन नाटकासाठी कंदील मागायला आमच्या घरी आल्या. आबा जेवत होते, कळण्याची भाकरी आणि हिरव्या मिरच्यांचा ठेचा. मायने जाऊन आबांच्या खांद्याला बोटं लावली, समोर बसली आणि सांगितलं की पोरीच्या बाई आल्यात. बेन दारात उभ्या राहून ते बघत होत्या. त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं, ते मला आजही दिसतं. मग त्या आत आल्या, आबांच्या समोर बसल्या आणि जबडा फाकवून एकेक अक्षर सुटं करत म्हणाल्या, "तु-म-ची... मु-ल-गी... हु-शा-र... आ-हे." आबांनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं, म्हणजे बघून घेतलं, आणि म्हणाले, "बाई, साधं बोला. माले समजस." माय पदरात तोंड लपवून हसायला लागली, आणि बेनही. मायने त्यांना भाकरी खायला लावली. बडोद्याच्या गोड जिभेला तो ठेचा लागला तेव्हा त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं, पण बिचाऱ्यांनी भाकरी संपवली.

दुसऱ्या दिवशी तालमीला बेन आमच्यासमोर उभ्या राहिल्या आणि आवाज न काढता नुसते ओठ हलवले. "उद्या शाळेला सुट्टी." आम्ही नाचायलाच लागलो. "खरंच, बेन?" "नाही," त्या आवाजाने म्हणाल्या, "पण तुम्हाला सगळ्यांना कळलं ना? झालं तर." तेव्हापासून विंगेतून आठवण करून देणं मुक्याने सुरू झालं. इतर शाळांच्या नाटकांत विंगेतली कुजबुज पहिल्या रांगेला ऐकू जायची. आमच्या बेन हातात वही धरून नुसते ओठ हलवायच्या आणि आम्ही तिरक्या डोळ्याने वाचून घ्यायचो. त्यांना यात इतकी मजा वाटू लागली की वर्गातही त्या लांबून मुक्यानेच रागवत. पण दोन नियम कायम होते. हात लावायचा नाही, समोर वळायचं नाही.

मला एकच हवं होतं. आबांनी यावं आणि त्यांना सगळं समजावं. सगळ्यांबरोबर हसू यावं, मागून नाही. मी त्यांच्या समोर बसून सांगितलं. ते पानाला चुना लावत राहिले. मग म्हणाले, "मी ईसन काय करू? लोके हासतीन, मंग मी कव्हय हासू?" कधी हसायचं, हाच त्यांचा प्रश्न होता. माय मधे पडली. "पोर इतली सांगी राहिनी, तं जा ना एक डाव." आबांनी पान तोंडात टाकलं. त्या दिवसांत त्यांची रात्रपाळी होती, म्हणजे स्पर्धेच्या वेळी त्यांची झोपेची वेळ. येतील असं मला वाटलं नाही.

स्पर्धेचा हॉल चौक बाजाराच्या बाजूला होता. इतकं मोठं स्टेज आम्ही कधी बघितलं नव्हतं, शंकर तर त्याच्या लाकडावर नाचून आला. पुढच्या रांगेत परीक्षक, शिक्षक, नीटनेटके पालक. मागे आमची माणसं. पडदा वर गेला आणि मी कोंबडी काखेत धरून आत आले, तर दाराजवळ आबा बसलेले. धुतलेला पांढरा सदरा, टोपी, आणि भुवयांत अजून खात्यातलं सूत अडकलेलं. सदरा बरोबर नेऊन पाळीवरून परस्पर आले होते.

मला इतका आनंद झाला की पहिलं वाक्य मी जरा जोरातच म्हटलं. मी नियमाप्रमाणे न्यायाधीशांकडे बघत होते. पुढच्या रांगा हसल्या. मी डोळ्यांच्या कोपऱ्यातून आबांकडे पाहिलं. ते माझ्या तोंडाकडे बघत होते आणि त्यांना माझा गालच दिसत होता. ते विमलकडे बघायला गेले, तोवर शंकर बोलून मोकळा झाला होता. शंकरकडे वळले, तोवर विमल. लोक पुन्हा हसले आणि मग क्षणभराने आबा हसले. तेच ते उशिराचं हसू. हसून त्यांनी तोंडावर हात ठेवला आणि मान खाली घातली. त्यांच्या आसपास बसलेले खात्यातले इतर बापही तसेच बसून होते. मी इतक्या दिवसांत जे नीट शिकले होते, त्यानेच मी आबांना बाहेर ठेवलं होतं. पुढचं वाक्य मला आठवेना.

मी विंगेकडे पाहिलं. बेन वहीत बघत नव्हत्या. माझी नजर कुठे गेली होती तिकडे, दाराकडे, त्या बघत होत्या. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता वाक्य सांगतील. त्यांनी आवाज न करता म्हटलं, "समोर वळ. आबांना सांग." मी तशीच उभी. त्यांनी पुन्हा म्हटलं, या वेळी भुवया उडवून, अगदी खात्यातल्यासारखं, "वळ. सांग त्यांना."

मी टेबलावर चढले. न्यायाधीशांच्या खांद्याला दोन बोटं लावली. मग खाली उतरून स्टेजच्या पुढे आले, समोर तोंड केलं आणि माझं सगळ्यात मोठं वाक्य म्हटलं, "साहेब, कोंबडी बोलत नाही, म्हणून तिला काही म्हणायचं नाही, असं समजू नका." आणि दाराजवळ आबा हसले. सगळ्यांच्या आधी! मोठ्याने, मान मागे टाकून. खात्याच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाशी बोलणाऱ्या माणसाला तेवढं अंतर काहीच नव्हतं. शंकरनेही बेनचे ओठ वाचले होते. तो न्यायाधीशाचं आसन सोडून पुढे आला. विमलने त्याला हात लावला, समोर वळली आणि गाल फुगवून बँडवाल्याची बाजू मांडली. तिचा बाप मागे खुर्चीवर उभाच राहिला. आता हशा मागच्या रांगांतून उठत होता आणि पुढचे लोक वळून बघत होते की मागे एवढं काय झालं. निकालाच्या प्रवेशात तर आम्ही सगळे एका ओळीत उभं राहून, एकमेकांना बोटं लावून लावून बोलत होतो. पकडापकडीच ती.

बक्षीस अर्थातच मिळालं नाही. परीक्षकांनी सांगितलं, संहिता चांगली आहे, कोंबडी उत्तम आहे, पण मुलं एकमेकांशी न बोलता प्रेक्षकांशीच बोलतात, हे मूलभूत चुकतं. बेननी मान लववून ऐकून घेतलं. त्यांचं शाळेतलं ते पहिलंच वर्ष होतं, आणि हेडमास्तरांना मुळात नाटकाचं खूळ पसंत नव्हतं हे तर मला कितीतरी वर्षांनी कळलं. परत येताना त्यांनी आम्हाला गाडीवरचा गरम, डाळीचा वाफवलेला लोचो खाऊ घातला, वर भरपूर शेव आणि तेल. मी विचारलं, "बेन, परीक्षक म्हणाले ते खरं आहे का?" "अगदी खरं. मी परीक्षक असते तर हेच म्हटलं असतं." "मग तुम्ही मला वळायला का सांगितलंत?" त्यांनी लोचोचा द्रोण पुसूनपुसून खाल्ला आणि म्हणाल्या, "तुझे आबा झोप सोडून आले होते गं. परीक्षक व्यवस्थित झोपून आले होते."

माझ्या आयुष्यात मला पुष्कळ शिकवणारे भेटले. स्वतःचाच नियम ऐन वेळी, सगळ्यांसमोर, एका पोरीच्या बापासाठी मोडणारी एकच भेटली. आता कुमुदबेन नाहीत. रविवारी तालीम सुरू करताना मी मुलांना पहिला प्रश्न विचारते, "बघायला कोण येणार आहे?" मुलं म्हणतात, मम्मी, मामा, बाजूवाली काकी. मग त्या मम्मीला, मामाला, काकीला दिसेल आणि कळेल असं नाटक आम्ही बसवतो. नियम त्याच्यानंतर. हे मला कुठल्या पुस्तकात मिळालं नाही, विंगेतल्या मुक्या ओठांवरून मिळालं. त्या बाईचं माझ्यावर फार मोठं ऋण आहे आणि ते असंच राहावं असं मला वाटतं.

आबांना नाटक कसं वाटलं, हे मात्र मला कळेना. बक्षीस समारंभाच्या आधीच ते निघून गेले होते. मी घरी आले तेव्हा झोपले होते आणि उठले तेव्हा पाळीची घाई. मी मायला विचारलं, "आबा काय म्हणाले?" माय म्हणाली, "काहीच नही बोलनात. जेवनात आनि झोपनात." दुसऱ्या दिवशीही तेच. मला वाटलं, हसले ते माझ्या समाधानासाठी असेल. बापाला एवढं तरी कळतंच की पोर आपल्याकडे बघतेय.

मग त्यांची दिवसपाळी लागली आणि दुपारचा डबा घेऊन मी खात्यात गेले. आत नेहमीचं दृश्य. दोन्ही बाजूंना मागांच्या रांगा, मधे एक माणूस जेमतेम जाईल एवढी वाट, हवेत सूत उडतंय आणि आवाज असा की छातीत बसतो. आबा पाठमोरे होते. त्यांच्या समोर, दोन माग पलीकडे, आमच्याच गावाकडचे नानाभाऊ उभे होते. आबांनी खांद्यावरचा टॉवेल काढून डोक्यावर पदरासारखा घेतला. कमरेत वाकले. काखेत काहीतरी धरलं, त्याला दोनदा गोंजारलं. मग त्यांनी हवेतच कोणाच्या तरी खांद्याला दोन बोटं लावली आणि अर्धे वळले, तेव्हा त्यांचा चेहरा मला दिसला.

ते माझं वाक्य बोलत होते. आवाज कुठेच नव्हता, म्हणजे आवाजच आवाज होता, पण ओठ स्वच्छ दिसत होते. फक्त ते माझं राहिलं नव्हतं, त्यांनी ते आपल्या बोलीत आणलं होतं. "सायेब, कोंबडी बोलस नही, म्हनीसन तिले काही सांगनं नही, असं समजू नका." नानाभाऊ मागाला धरून हसत होते. त्यांच्या मागचा माणूस हात हलवून पुन्हा करून दाखवा म्हणत होता, आणि आबांनी पुन्हा पदर घेतला. आता विमलचे गाल, मग शंकरचा निकाल. मी समोर वळल्यापासूनचा एक शब्दही सुटला नव्हता.

डबा गरम होता. मी त्यांच्या मागे जाऊन उभी राहिले, पण सगळं नाटक संपेपर्यंत त्यांच्या खांद्याला हात लावला नाही.